डबीतला कण

आमच्या कंपनीत आत शिरताना बाईनं बाईपण दाराशी काढून ठेवायचं असतं. हसू नका, खरंच सांगते. टिकली काढा, कुंकू पुसा, बांगड्या उतरवा, गळ्यातलं काढा, तोंडाला पावडर असेल तर धुऊन या. मग पायापासून गळ्यापर्यंत पांढरा झगा, डोक्याला टोपडं, तोंडाला मास्क, हातात ग्लोव्हज. आरशापुढं उभं राहिलं की आम्ही चौघी सारख्याच. डोळे तेवढे जिचे तिचे.

नागापूरच्या एमआयडीसीत आमची बिल्डिंग बाहेरून बघितली तर दुधाची डेअरी वाटेल. एका अंगाला गिअर कापणारं शेड, दुसऱ्या अंगाला वेल्डिंगचं. मधे आम्ही, काचेच्या खोलीत, सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून सोन्याची तार जोडत बसलेल्या. मायक्रोवेव्हचं काम म्हणतात त्याला. सासूबाईंना अजून वाटतं मी जेवण गरम करायच्या ओव्हनच्या कंपनीत आहे. दोन-तीनदा सांगून बघितलं, मग सोडून दिलं. आता गल्लीतल्या बायका मला ओव्हन दुरुस्तीला विचारतात.

लहरी त्याच जातीच्या, एवढंच खरं. रडारमधून जातात, उपग्रहातून येतात. वरून येणारा सिग्नल इतका दमलेला असतो की त्याला डबीत घेऊन मोठा करावा लागतो. ती डबी आम्ही बनवायचो. काड्यापेटीएवढी. तिच्यात पांढरी पाटी, पाटीवर सोन्याच्या रेघा, मधे मधे मोहरीएवढ्या चिपा, आणि हे सगळं एकमेकांना जोडायला केसापेक्षा बारीक सोन्याची तार. त्या तारेची कमान जरा उंच झाली तरी सिग्नल बिघडतो, बुटकी झाली तरी बिघडतो. मशीन सुई खाली आणतं, पण कमान हातानं धरायची असते.

मला ते काम आवडायचं. कल्याण गेल्यावर तर तेवढंच उरलं.

कल्याण म्हणजे माझा नवरा. सकाळी मोटारसायकलवर मला गेटाशी सोडायचा आणि तसाच पुढं राहुरीला जायचा, तिथं एका बियाण्याच्या गोदामात कामाला होता. रोज गेटाशी एकच चेष्टा. "आज किती केस विंचरणार, बाईसाहेब?" आणि रोज मी गळ्यातलं काढून त्याच्या हातात द्यायची. लॉकर होते, पण मिरजगावच्या माझ्या आईनं बजावलं होतं, मंगळसूत्र काढून कुठं खिळ्याला, कपाटात ठेवायचं नाही, अपशकुन असतो. मग आम्ही तोड काढली. नवऱ्याच्याच खिशात ठेवलं म्हणजे ते काढलं असं होत नाही. कल्याण शर्टाच्या वरच्या खिशात टाकायचा, बटण लावायचा, वरून एकदा थोपटायचा. पाच वाजता गेटाशी परत द्यायचा. आमच्यातल्या आणखी दोघींनी मग हीच तोड उचलली. गेटावरचा वॉचमन म्हणायचा, सकाळी इथं रोज बायका नवऱ्यांना सोडून जातात बघा.

पौषात कल्याण राहुरीहून मला न्यायला येत होता. वाटेतल्या उसाच्या ट्रॉलीला मागं लाल कापडसुद्धा बांधलेलं नव्हतं, त्याला ती दिसलीच नाही. मी गेटाशी उभी होते, मोकळ्या गळ्यानं, मनातल्या मनात त्याला शिव्या देत. उशीर झाला की मला राग येतो. माझा स्वभावच तसा आहे.

मंगळसूत्र मला हॉस्पिटलातून कागदाच्या पाकिटात मिळालं. बटण लावलेलंच होतं म्हणे.

नंतर बायका जमल्या, रीतीप्रमाणे जे करायचं ते करायला. बांगड्या फोडल्या. कुंकू पुसायला एकीनं हात लावला तर कपाळ कोरडं, सकाळीच पुसलेलं. दुसरीनं गळ्याला हात घातला तर गळ्यात काही नाही. तिला काय करावं कळेना, हात तसाच मागं घेतला. सगळं आधीच झालेलं होतं. रोज सकाळी मीच करत होते. मला त्या वेळी काही वाटलं नाही. लोकांना वाटलं धक्का बसलाय. सासूबाईंनी भिंतीला डोकं आपटून घेतलं, त्यांना आवरायला चार जणी लागल्या. मी म्हटलं, चहा करू का कोणाला?

नऊ महिने झाले, तसंच चाललं होतं. रडू येईना. भूक लागायची, झोप लागायची, भाजीवालीशी भांडणसुद्धा व्हायचं. पण आतून काही हलायचं नाही. दंतवैद्यानं इंजेक्शन दिल्यावर गाल कसा होतो, आपलाच असून आपला नसतो, तसं. सासूबाई म्हणायच्या, "दगडाची आहेस बाई तू." मी म्हणायची, "व्हय, दगडाची." काय बोलणार?

घरी, रस्त्यात, दुकानात माझं कपाळ आधी पोचायचं आणि मी मागून. काचेच्या खोलीत तसं नव्हतं. तिथं कोणाच्याच कपाळाला काही नाही, कोणाच्याच गळ्यात काही नाही. तिथं चौघी सारख्या. माझी जागा तीन नंबर मशीनची, खिडकीकडची. ती जागा गेली असती तर मला कुठं बसायचं ते माहीत नव्हतं. पगार कुठंही मिळाला असता, तसं बसायला नसतं मिळालं.

आणि तीच जागा जायची पाळी आली.

पावसाळ्यात नोहा सर नवी चिप घेऊन आले. नोहा सर आमचे डिझाइनचे इंजिनिअर, नगरचेच, आईवडील दोघं मास्तर. चोवीस-पंचवीसचं पोरगं, पण आम्हाला सगळ्यांना ताई म्हणतं. त्यांनी चिप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि मला म्हणाले, "मोनिकाताई, बघा. आपली अख्खी डबी."

बघितलं. आधी दहा-बारा चिपा आणि पाटीवरच्या सगळ्या रेघा मिळून जे करायच्या, ते सगळं त्या एका तुकड्यावर बसवलेलं. बाहेर जोडायला मोजक्या तारा. एका रेघेवरून दुसरी न्यायची तिथं खाली टेकू न देता हवेतून उचलून नेलेली, ओढ्यावरच्या साकवासारखी. सोन्याचे साकव, डोळ्याला न दिसणारे.

"छान आहे," मी म्हटलं. "मग आता आम्ही काय भाकऱ्या थापायच्या?"

ते ओशाळले. पोरगं सरळ होतं. म्हणाले, तार कमी झाली तरी डबी बंद करणं, चिप बसवणं हे हातानंच राहणार. पण नवी अडचण आहे. जेवढं लहान, तेवढं हळवं. जुन्या डबीत धुळीचा कण पडला तर पडला, रेघा लांब लांब होत्या. यात त्या साकवाखाली किंवा दोन रेघांच्या मधे कण अडकला की संपलं. आणि ही डबी उपग्रहात बसणार. वर गेल्यावर खाली असं काही नसतं ताई, कण डबीभर तरंगत फिरत राहतो, कधी कुठं बसेल नेम नाही. आणि वर जाऊन झाकण उघडून फुंकर मारता येत नाही.

नंतर एलिझाबेथ मॅडमनी चौघींना बोलावून सांगितलं. त्या क्वालिटीच्या प्रमुख. पांढरे केस, इस्त्रीची साडी, चर्चच्या घंटेसारखी वेळ पाळणारी बाई. "पहिला लॉट मोनिका करेल, तीन नंबरवर. बाकीच्या तिघी जुनं काम चालू ठेवा. हा लॉट पास झाला तर नवी ऑर्डर इथं राहील. नाही झाला तर काम दक्षिणेतल्या युनिटला जाईल. तिथं मशीनच सगळं करतं. मग ही खोली बंद होईल." त्यांनी गोड करून सांगितलं नाही. मला तेच बरं वाटलं.

लॉट मी केला. हात चांगले चालले. मधे दसरा आला.

आता खंडेनवमीला मशीनची पूजा करायची नाही असं नगर जिल्ह्यात कोणाला सांगून बघा. शेजारच्या शेडमध्ये लेथला झेंडूच्या माळा, वेल्डिंगवाल्यांनी बकरं कापलेलं. आमच्या काचेच्या खोलीत मात्र फूल न्यायचं नाही, उदबत्ती नाही, हळद-कुंकू तर नावच नको. खोली झाली त्या वर्षी यावरून मोठं भांडण झालं होतं. एलिझाबेथ मॅडम म्हणाल्या, आत नारळ फुटला तर मी राजीनामा देते. मालक म्हणाले, पूजा नाही झाली तर पोरी काम करायच्या नाहीत. शेवटी मॅडमनीच तोड सुचवली. प्रत्येक मशीनचा फोटो काढायचा, पुठ्ठ्यावर चिकटवायचा, आणि बाहेर पॅकिंगच्या खोलीत टेबलावर मांडून फोटोंची पूजा करायची. देवाच्या फोटोला चालतं, मग मशीनच्या का नाही? ख्रिस्ती बाईनं आम्हाला आमचा धर्म समजावून दिला, आणि सगळ्यांना पटलासुद्धा.

तेव्हापासून तसंच. चार पुठ्ठे, चार फोटो, एक ताट. जिचं मशीन तिनं आपल्या फोटोला हळद-कुंकू लावायचं.

पूजेच्या दिवशी आत काम नसतं, त्यामुळं बायकांच्या गळ्यातलं गळ्यातच असतं. ह्या वर्षी ताट ज्योतीच्या हातात होतं. ज्योती आमच्यातली लहान, दोन नंबरवर बसते. कंत्राटी आहे, मी पर्मनंट. बडबडी, भित्री, मनानं लोण्यासारखी. एक नंबरवालीनं आपल्या फोटोला कुंकू लावलं, बोटाला उरलेलं गळ्यातल्या वाटीला टेकवलं. आपल्यात बोटावरचं कुंकू वाया घालवत नाहीत, आधी देवाला, मग वाटीला. ज्योतीनं स्वतःचं केलं, तसंच. मग ताट माझ्यापाशी आलं. आलं, जरासं थांबलं, आणि पुढं गेलं. चार नंबरकडं.

कोणी मला नको म्हटलं नाही. मीही हात पुढं केला नाही. ज्योतीची मान खाली होती. माझ्या मशीनचा फोटो तसाच कोरडा राहिला आणि आम्ही पेढे खाल्ले. मला काही वाटलं नाही. खरंच सांगते. पेढा जरा जास्त गोड होता, एवढं आठवतं.

दसऱ्यानंतर उरलेल्या डब्या केल्या, झाकणं लागली, आणि हलवून बघायची चाचणी आली.

ती चाचणी गमतीची आहे. बंद डबी एका मशीनवर चिकटवतात, मशीन तिला थरथरवतं, मधेच हिसका देतं, आणि एक कान लावलेला असतो. आत काही सुटं असेल तर ते आपटतं आणि हेडफोनमध्ये ऐकू येतं. लहानपणी नारळ कानाशी हलवून पाणी आहे का बघायचो, तसंच. फक्त इथं पाणी निघालं तर नारळ फेकायचा.

पहिल्या डब्या शांत. दसऱ्याआधीच्या सगळ्या शांत. मग नोहा सरांचा चेहरा बदलला. त्यांनी हेडफोन काढून माझ्या कानाला लावला. थरथर, थरथर, आणि मधेच बारीक टक्क.

पुढची डबी. टक्क. तिच्या पुढची. टक्क.

"दुष्काळात तेरावा महिना," मी म्हटलं. नोहा सरांनी त्या डब्या वेगळ्या ट्रेमध्ये काढल्या.

दुसऱ्या दिवशी एका डबीचं झाकण कापून उघडलं. पडद्यावर मोठं करून सगळ्यांनी बघितलं. चिप, साकव, माझ्या तारांच्या कमानी, आणि साकवाच्या पायाशी एक लाल कण. एवढ्या सोन्यात तो एकटाच लाल.

"नेलपॉलिश?" नोहा सर म्हणाले.

एलिझाबेथ मॅडमनी चष्मा वर केला, पुन्हा खाली घेतला. "कुंकू आहे हे."

आणि खोलीतली सगळी माणसं वळून माझ्या कपाळाकडं बघायला लागली. आम्ही बाहेर होतो, मास्क नव्हते. लॉट माझा, मशीन माझं, कुंकू सापडलं, तर बघणार कुठं? बघितलं आणि सगळ्यांनी एकदमच नजर काढून घेतली. त्या कपाळावरून कुंकू पडायची सोय नव्हती. चोराला पकडायला जावं आणि चोर आंधळा निघावा, तसं झालं त्यांचं. मला हसू येत होतं. ते हसणंही गालापर्यंत आलं नाही.

मॅडम म्हणाल्या, "ग्राहकाचा माणूस दिवाळीच्या आधी येणार आहे. कण कसा आला हे सांगता आलं आणि पुन्हा येणार नाही हे दाखवता आलं, तर नवा लॉट करायला देतील. नाही सांगता आलं तर खोली संशयात राहील, आणि संशयाची खोली कोणी ठेवत नाही."

मी तीन नंबरपाशी गेले. नेहमी पुसतो तिथं सगळं स्वच्छ. मग मान वाकडी करून सुईच्या दांडीची मागची बाजू बघितली, जिथं आपण कधी बघत नाही. तिथं एक ठिपका. खाली हळद, वर कुंकू. वाळून कडा सुटलेल्या. सुई खाली टेकताना दांडी थरथरते, दर तारेला, आणि खाली उघडी डबी. कितीदा टेकली असेल कोण जाणे.

काय वाटलं म्हणता? काही नाही. पुसायला कापड घेतलं आणि पुसलं नाही. तसंच ठेवलं.

पाच वाजता गेटाबाहेर चहाच्या टपरीवर ज्योतीला गाठलं. मी काही विचारायच्या आधीच तिचा चेहरा पांढराफटक.

"ताई, मी लावलं," ती म्हणाली. "तुमच्याम्होरनं ताट घेऊन गेले ना, मला रातभर झोप न्हाई. म्हनलं, ताईंचं एकट्याचंच मशीन कोरडं राहिलं. एवढा मोठा लॉट, काय इपरीत झालं तर? म्हणून सकाळी लवकर जाऊन लावलं. लई बारीक लावलं हुतं."

"आत? कुंकू? येडी का खुळी तू?"

"माझ्या मशीनला तीन वर्सं लावतीय मी, गपचूप. कधी काय झालं न्हाई, ताई. देवाशप्पथ!"

झालं नसणारच. तिच्या मशीनवर जुन्या डब्या होत्या, लांब लांब रेघांच्या. त्या डब्यांत वाटीभर कुंकू सांडलं असतं तरी चाललं असतं, आणि त्यांना कोणी हलवून बघत नव्हतं. नव्या चिपेला ते पेलवलं नाही. पोरीनं माझं भलं करायला जाऊन आमच्या चौघींच्या जागेवर कुंकू लावलं होतं.

"आता मला काढतील," ती म्हणाली. "कंत्राटी मानसाला कोन इचारतंय?" आणि हुंदके द्यायला लागली. मी तिच्याकडं बघत राहिले. किती सहज रडता येतं लोकांना! मला जरा हेवा वाटला तिचा.

"गप बस," मी म्हटलं. "चहा पी. उद्या तोंड उघडू नको."

मी रात्रभर विचार वगैरे केला नाही. जेवले आणि झोपले. विचार करायला काय होतं? मी पर्मनंट, मला काढून टाकता येत नव्हतं, फार तर जागा बदलतील. ज्योतीला दारातनंच परत पाठवतील. आणि कोणीच काही बोललं नाही तर खोलीच जाईल. माझी जागा कशीही जाणार होती. मग तिची तरी राहू दे. मला काय फरक पडतो? ह्या नऊ महिन्यांत मी सगळ्यालाच हे म्हणत होते आणि खरंच फरक पडला नव्हता.

सकाळी एलिझाबेथ मॅडमच्या केबिनमध्ये आम्ही चौघी आणि नोहा सर. मी सांगितलं, कुंकू दांडीच्या मागं आहे, येऊन बघा. त्यांनी जाऊन बघितलं, नोहा सरांनी फोटो काढला, सगळे परत आले.

"कोणी लावलं?" मॅडमनी विचारलं. "ग्राहकाला 'कोणीतरी' चालत नाही."

"मी लावलं," मी म्हटलं.

"तू?"

"व्हय, मी. पूजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी."

मॅडम माझ्याकडं बघत राहिल्या. त्यांचा विश्वास बसला नव्हता, दिसत होतं. "तू इतकी वर्षं इथं आहेस, मोनिका. ह्या पोरींना नियम तू शिकवलेस. का लावलंस?"

मी ठरवून आले होते, श्रद्धा म्हणून लावलं असं सांगायचं. तेच सांगायला तोंड उघडलं आणि निघालं भलतंच.

"ताट माझ्यापुढनं गेलं म्हणून," मी म्हटलं. "तिन्ही मशीनला लागलं, माझ्याच मशीनला नाही. त्यानं काय पाप केलं होतं? नवरा माझा मेला मॅडम, मशीनचा नाही मेला."

आवाज माझाच होता, पण एवढा मोठा का निघाला ते मला कळलं नाही. ज्योती जमिनीकडं बघत होती. मी तिला वाचवायला उभी होते, आणि तोंडानं तिलाच ठोकत होते. बोलली असती तर मीच तिला गप्प केलं असतं. तरी ती बोलली नाही हे माझ्या ध्यानात राहिलं.

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "तुला आत ठेवता येणार नाही आता."

"माहीत आहे," मी म्हटलं.

मला पॅकिंगमध्ये बसवलं. कंपनीतली सगळ्यात सोपी जागा. फोमच्या खाचेत डबी ठेवायची, वरून फोम, पिशवी, खोका, चिकटपट्टी. तिथं झगा नाही, टोपडं नाही, मास्क नाही. बायका साड्या नेसून बसतात, बांगड्या वाजतात, कपाळं दिसतात. माझंही दिसतं. पहिल्या दिवशी बायकांनी माझ्यासमोर जपून बोलून घेतलं, दुसऱ्या दिवशी विसरल्या. वटपौर्णिमा, हळदी-कुंकू, कोणाच्या नवऱ्यानं काय आणलं. मी चिकटपट्टी कापत राहायची. समोर काचेतून आतली खोली दिसते. तीन नंबरवर आता ज्योती बसते. टोपडं घातलं की पाठमोरी मीच वाटते.

ग्राहकाचा माणूस येऊन गेला. ठिपक्याचा फोटो बघून तो म्हणे हसला, मग गंभीर झाला, मग नवा लॉट करायला दिला. दांडीच्या मागं रोज बघायचं असा नियम झाला. ज्योती रोज चहाच्या सुट्टीत येऊन माझ्या टेबलावर कप ठेवायची आणि काही न बोलता जायची. मी काही न बोलता प्यायची. चहात साखर मला लागते तेवढीच असायची.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी नोहा सर ट्रे घेऊन पॅकिंगमध्ये आले. नुसते आले नाहीत, पळत आले.

"मोनिकाताई, सगळ्या शांत! एकही नाही वाजली. खोली राहिली ताई, ऑर्डर राहिली!"

"बरं झालं," मी म्हटलं. "पोरी सुटल्या."

पोरगं ट्रे ठेवून गेलं. मी एकेक डबी उचलून फोममध्ये ठेवायला लागले. सवयीनं एक कानाशी नेऊन हलवली. कानाला काय कळणार? तरी हलवली. शांत होती.

चिकटपट्टी संपली म्हणून कपाट उघडलं. खालच्या फळीवर दसऱ्याचं सामान तसंच होतं. ताट, वात, कुंकवाचा करंडा, आणि चार पुठ्ठे. तीन फोटोंवर हळद-कुंकू, वाळून थोडं गळलेलं. चौथा कोरडा. माझं तीन नंबर, खिडकीकडचं. फोटोत बाजूला माझी खुर्चीपण आली होती.

मी ते बाहेर काढून टेबलावर ठेवलं. मॅडमना सांगितलं होतं मी कुंकू लावलं, तर लावलंच पाहिजे, असं काहीतरी डोक्यात आलं. खोटं बोललेलं मला आवडत नाही. करंडा उघडला. बोट बुडवलं. मशीनच्या दांडीवर, फोटोतल्या, बरोबर मध्यावर ठिपका दिला. चांगला गोल आला.

बोटाला थोडं उरलं होतं. ते बोट आपलं आपण उठलं आणि गळ्याकडं गेलं, वाटीला टेकवायला. गळ्यात काही नव्हतं. आणि माझ्या मनात काय आलं सांगू? मनात आलं, हां, कल्याणच्या खिशात आहे. पाच वाजता देईल तेव्हा लावू. एवढं सरळ आलं की मी घड्याळ बघितलं. मान वळवून खिडकीतून गेटाकडंसुद्धा बघितलं, आला का म्हणून.

गेटाशी वॉचमन होता. मोटारसायकल नव्हती.

बोट तसंच गळ्याशी राहिलं. मग पोटातनं कुठनं तरी एक आवाज वर आला. मला वाटलं दुसरंच कोणी ओरडलं. टेबलावरच्या डब्या हातानं लोटल्या जाऊ नयेत म्हणून मी खाली फरशीवर बसले, आणि बसले ती बसलेच. पॅकिंगच्या बायका उठून धावत आल्या. एकीनं पाणी आणलं, एकीनं पाठीवर हात ठेवला. काचेच्या पलीकडं ज्योती मशीनवरून उठून उभी राहिली होती, दोन्ही हात काचेला लावून.

"अगं काय झालं मोनिका? काय झालं गं एकदम?"

"माझा नवरा मेला," मी त्यांना सांगितलं.